पाच कार्बन आणि एक टाइपरायटर

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी जे टायपिंगच्या क्लासला गेले असतील, त्यांना कार्बन कसा लावायचा हे सांगायला नको. कागद, कार्बन, कागद, कार्बन. बाकीच्यांसाठी सांगते, कार्बन म्हणजे वरचं अक्षर खालच्या कागदावर उमटवणारा शाईचा पातळ कागद. चवड ठाकठीक करून रोलरमध्ये सरकवायची आणि कळ जोरात दाबायची, नाहीतर शेवटची प्रत पुसट येते. आणि चूक झाली तर वरचा कागद खोडून भागत नाही, खालची प्रत्येक प्रत खोडावी लागते.

आज मला लेस्बियन स्त्रियांच्या, म्हणजे स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या, हक्कांच्या चळवळीची सुरुवात सांगायची आहे. ती मी या कार्बनपासूनच सांगणार.

साल १९४७. अमेरिकेतलं लॉस एंजेलिस शहर. एडिथ आइड ही पंचवीस वर्षांची मुलगी आरकेओ या सिनेमा स्टुडिओत सेक्रेटरी होती. साहेबांनी तिला बजावलं होतं की इथं काम फारसं नसेल, पण पुस्तक वाचत बसायचं नाही, विणकाम करायचं नाही. कामात आहेस असं दिसलं पाहिजे. एडिथनं ते ऐकलं आणि टाइपरायटरवर स्वतःचं मासिक टाइप करायला घेतलं. नाव ठेवलं 'व्हाइस व्हर्सा'.

पाच कार्बन लावायचे आणि सगळा अंक टाइप करायचा. मग पुन्हा पाच कार्बन लावायचे आणि तोच अंक पहिल्यापासून पुन्हा टाइप करायचा. पाच कार्बन, दोन वेळा. एवढं करून हातात प्रती किती, तर दहा-बारा. त्यात कविता असत, गोष्टी असत, सिनेमा-नाटकांची परीक्षणं असत, वाचकांची पत्रं असत. नसायचं ते फक्त नाव. लिहिणारीचं नाही, संपादिकेचं नाही, कुणाचंच नाही.

हा खटाटोप कशासाठी? मैत्रिणींसाठी. एडिथ या शहरात नवी आली, तेव्हा एकटी होती. तिच्याच इमारतीत राहणाऱ्या काही मुली उन्हात बसून गप्पा मारायच्या. त्या गप्पांत पुरुषांचा विषय कधीच निघत नाही, हे हिच्या लक्षात आलं. ओळख झाली, त्यांनी हिला आपल्याबरोबर नेलं, आणि आपल्यासारख्या आणखी कितीतरी जणी आहेत हे तिला पहिल्यांदा दिसलं. मग त्यांच्यासाठी, आणि अजून न भेटलेल्यांसाठी, तिनं मासिक काढलं.

सुरुवातीला काही प्रती तिनं टपालानं पाठवल्या. मैत्रिणीनं सावध केलं, हे थांबव, अटक होईल. अश्लील मजकूर टपालानं पाठवण्याविरुद्ध तिथं १८७३ पासूनचा कायदा होता, आणि एका बाईनं दुसरीवर प्रेम करणं एवढंच लिहिलं तरी ते त्यात बसवता येत होतं. मग एडिथ अंक हातानं वाटू लागली. पैसे घेत नसे. एकच विनंती करायची: वाचून झालं की फेकू नका, दुसरीला द्या. फेकू नका, दुसरीला द्या.

इथं मला थोडं थांबायचंय. आपल्याकडे दिवाळीच्या सफाईत पहिली कुऱ्हाड कागदांवर पडते. आईच्या वह्या, महिला मंडळाची हस्तलिखितं, मैत्रिणींची पत्रं, सगळं रद्दीत किलोच्या भावानं जातं. बायकांचा इतिहास अशाच कागदांवर असतो, म्हणून मला याचा फार राग येतो. मुंबईत १९९५ मध्ये लेस्बियन आणि बायसेक्शुअल, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांवरही प्रेम करू शकणाऱ्या, स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला. त्याही मैत्रिणींनी पुढे स्वतःचं नियतकालिक काढलं. कुणाकडे त्याचे जुने अंक असतील तर जपून ठेवा.

तर 'व्हाइस व्हर्सा'. जून १९४७ ते फेब्रुवारी १९४८, एकूण नऊ अंक. नंतर एडिथची नोकरी बदलली, नव्या ठिकाणी तसा मोकळा वेळ नव्हता, आणि मासिक थांबलं.

आता संघटनेचं थोडक्यात सांगते, कारण घड्याळ पुढे चाललंय. सप्टेंबर १९५५, सॅन फ्रान्सिस्को. आठ बायकांनी 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही संस्था सुरू केली. बारमध्ये पोलिसांचे छापे पडत, म्हणून निर्धास्तपणे भेटायला, नाचायला जागा हवी होती, एवढंच सुरुवातीचं कारण. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा हुकूम निघाला होता आणि त्याच्या आधारानं समलिंगी माणसांना सरकारी नोकरीतून काढत होते. नाव उघड झालं की पोटावर पाय.

संस्थेचं मासिक होतं 'द लॅडर'. पहिला अंक ऑक्टोबर १९५६. संपादिका फिलिस लायन, पण छापलेलं नाव अ‍ॅन फर्ग्युसन. वाचकांना घाबरू नका म्हणायचं आणि आपण खोट्या नावामागे बसायचं, हे फिलिसला पटेना. जानेवारी १९५७ च्या अंकात तिनं जाहीर केलं की अ‍ॅन फर्ग्युसन मेली, मीच तिला मारलं. पुढे खरं नाव: फिलिस लायन.

आपली एडिथही पुढे याच 'लॅडर'मध्ये लिहू लागली. तिनं नाव घेतलं लिसा बेन. लेस्बियन या इंग्रजी शब्दातली सातच अक्षरं, फक्त जागा बदललेली. २०१५ मध्ये ती गेली तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची होती.

आणि फिलिस? संस्थेच्या पहिल्या आठ जणींत तिची जोडीदार होती डेल मार्टिन. १६ जून २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये दोघींचं कायदेशीर लग्न लागलं. डेल सत्त्याऐंशी वर्षांची, फिलिस त्र्याऐंशीची. ऑगस्टमध्ये डेल गेली. कागदोपत्री फिलिसची बायको म्हणून गेली.