दाताच्या पोटातला दात

माझ्यासमोरच्या पडद्यावर दिसणारा हा एक्स-रे वरच्या जबड्यातल्या, सुळ्याला लागून असलेल्या पटाशीच्या दाताचा आहे. निरखून पाहिल्यास या दाताच्या पोटात इनॅमलची, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणाची, पांढरी किनार असलेला आणखी एक चिमुकला दात बसल्याचा भास होतो. दात घडत असताना, तो कठीण होण्यापूर्वीच, त्याचा बाहेरचा थर आत दुमडला गेला की अशी रचना तयार होते. दंतवैद्यक तिला डेन्स इन्व्हॅजिनेटस म्हणते.

बाहेरून पाहताना टाळूच्या बाजूला फार तर एक बारीक खड्डा दिसतो. मात्र त्यातून जिवाणू आत उतरतात आणि घडीचे अस्तर पातळ किंवा जागोजागी तुटलेले असल्यामुळे नसेपर्यंत पोहोचतात. त्यामुळे दात किडलेला न दिसताही हिरडीवर पुवाची पुळी येते, आणि तीही बहुधा कोवळ्या वयात, मुळाचे टोक अजून बंद झालेले नसताना.

दंततज्ज्ञ ओलर्स यांनी १९५७ मध्ये या विकृतीचे तीन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात घडी दाताच्या माथ्यातच थांबते, दुसऱ्यात ती मुळात उतरून बंद पिशवीसारखी संपते, तर तिसऱ्यात मूळ भेदून कडेला किंवा टोकाशी बाहेर उघडते. उपचारांचा खरा कस या तिसऱ्या प्रकारात लागतो, कारण तिथे घडीत पू झालेला असताना शेजारची नस जिवंत असू शकते. म्हणून थंड स्पर्शाची चाचणी घेतल्याशिवाय आणि सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनवर घडीचा मार्ग तपासल्याशिवाय दाताला ड्रिल लावू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. नस जिवंत असेल, तर केवळ घडीचे रूट कॅनल करून ती वाचवता येते, आणि कोवळ्या दाताचे मूळ पुढेही वाढत राहते.

सूक्ष्मदर्शकाखाली घडीचे तोंड इनॅमलच्या बारीक कड्यासारखे दिसते. हे कडे फाइलने, म्हणजे दाताची आतली पोकळी घासून साफ करणाऱ्या सुईसारख्या हत्याराने, कापले जात नाही. ते अल्ट्रासोनिक टोकाने कणाकणाने रुंद करावे लागते. आतली पोकळी वेडीवाकडी असल्यामुळे फाइल सर्व भिंतींना टेकत नाही. त्यामुळे स्वच्छतेची मुख्य भिस्त सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणावर आणि त्याला अल्ट्रासोनिक कंपनांनी दिलेल्या हालचालीवर असते. गरजेनुसार काही काळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध भरून ठेवतात. त्यानंतर गरम करून मऊ केलेला गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ कोनाकोपऱ्यांत दाबून बसवतात. मुळाचे टोक उघडे असल्यास आधी तिथे एमटीए सिमेंटचा बांध घालतात.

ही विकृती अनेकदा दोन्ही बाजूंना आढळते. म्हणून एका दातावर उपचार झाल्यावर दुसऱ्या बाजूच्या त्याच दाताचाही एक्स-रे काढावा. तिथे खड्डा असेल आणि नस निरोगी असेल, तर तो खड्डा सीलंटने वेळीच बुजवला असता त्या दाताचे रूट कॅनल बहुधा टाळता येते.