जुनं मराठी वाचायचंय? मग उलट्या दिशेने वाचा

नमस्कार मंडळी!

जुनं मराठी साहित्य एकदा नीट वाचून काढायचं, असं मनात घेतलेले बहुतेक जण थेट ज्ञानेश्वरी उघडतात. 1290 सालचा ग्रंथ, म्हणून पहिला मान तिचा. पण दर ओळीला अर्थ शोधावा लागला की चारदोन आठवड्यांत उत्साह आटतो. म्हणून मी सांगते, आजच्या जवळचं आधी वाचा आणि तेराव्या शतकाकडे मागे मागे जा. डोळ्याला आणि कानाला सवय होत जाते.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून करा. 1934पासून भागाभागाने आलेलं हे आत्मचरित्र अगदी बोलीतलं आहे, कुठे अडणार नाही. मग ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. तेव्हा तुम्हीही ती आठवड्याला थोडी थोडी वाचा. सलग वाचताना जो विस्तार कंटाळवाणा वाटतो, तोच असा वाचला की आवडायला लागतो.

(पुस्तक कॅमेऱ्यासमोर)

आणि आता माझं सगळ्यात लाडकं पुस्तक, 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. डोक्यावर कर्ज, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कानावर आलेलं. दक्षिणा मिळेल म्हणून हे काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल 1857! वाटेतच बंडाची बातमी कळली, आणि पुढे झाशीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा हे शहरात होते. राणी, लूट, उपासमार, सगळं एका गरीब भिक्षुकाच्या नजरेतून. इतिहासाच्या पुस्तकात ही नजर सापडत नाही हो! त्यांनी हे लिहिलं बऱ्याच वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी 1907 साली ते छापलं, पण मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केलं. विकत घेताना प्रस्तावना उघडून बघा आणि मूळ बरहुकूम असलेली प्रतच घ्या.

इथून बखरीकडे. सभासदाची बखर आकाराने लहान आहे. कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या पदरी होते, आणि राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी 1690च्या दशकात जिंजीला ही बखर लिहिली. वाक्यं छोटी, वेग जबरदस्त. फारसी शब्द अडवतील, तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची 1857ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे. पण प्रत्येक शब्दाला थांबू नका. पान संपवा, मग अडलेले शब्द वहीत उतरवा. मोडी लिपी यायला हवी का, असं पुष्कळ जण विचारतात. छापील पुस्तकं देवनागरीत आहेत, तेव्हा वाचनापुरती तरी नको.

यानंतर 'लीळाचरित्र'. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांच्या आठवणी त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांना भेटून, विचारून गोळा केल्या. कोण कुठे बसलं, काय जेवलं, काय बोललं, इतका बारकावा आहे त्यात. मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली, असं महानुभाव परंपरा सांगते, म्हणून पाठभेद पुष्कळ. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली प्रत मिळाली तर उत्तम. एकेक लीळा, म्हणजे एकेक प्रसंग, चिमुकली असते. रोज एक किंवा दोन वाचा.

आणि मग ज्ञानेश्वरी. ओव्या नऊ हजारांच्या घरात. रोज 25 धरल्या तर साधारण वर्षभर पुरतील. सार्थ प्रत जवळ ठेवा, पण आधी ओवी मोठ्याने म्हणा, पुन्हा म्हणा, आणि मगच खालचा अर्थ बघा. लीळाचरित्रातलं गद्य पचलेलं असेल, तर बऱ्याच ठिकाणी खाली बघावंच लागणार नाही.