कुलपाच्या भोकातून दिसलेलं गाव

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इंग्लंडमधलं खेडं पहिल्यांदा पाहिलं ते बिस्किटांच्या डब्यावर. गवताने शाकारलेलं छप्पर, दारावर चढवलेला गुलाबाचा वेल, मागे चर्चचा मनोरा, पुढे ओढ्यात बदकं. आमच्या घरी त्या डब्यात सुईदोरा असायचा. त्या चित्रात माणूस एकही नव्हता, हे माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षं गेली. आज मी अशा गावांत खरोखर वाढलेल्या तीन पोरांबद्दल बोलणार आहे. तिघंही हातावर पोट असलेल्या घरांतली. मोठेपणी तिघांनीही लहानपण लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते माहीत.

पहिला जोसेफ आर्च. जन्म 1826, वॉरिकशायरमधलं बारफर्ड गाव, बाप शेतमजूर. हा पोरगा सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. रविवारची प्रार्थना संपली की मुलांना बाहेर घालवायचे आणि मोठी माणसं प्रभुभोजनासाठी, म्हणजे वेदीपुढे भाकर आणि द्राक्षारसाचा प्रसाद घ्यायला, आत थांबायची. आत काय चालतं, हे पाहावं म्हणून एकदा त्याने चर्चच्या दाराच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला. सगळ्यात आधी वेदीपाशी गेला स्क्वायर, म्हणजे गावचा बडा जमीनदार. तो परत आला, मग बागायतदार शेतकरी उठले. मग दुकानदार, चाकं बनवणारा सुतार, लोहार. सगळ्यांत शेवटी जाड्याभरड्या डगल्यांतले शेतमजूर, आणि त्यांत त्याचा बाप. त्यांच्या शेजारी गुडघे टेकायला दुसरं कुणी आलं नाही. देवाच्या दारातसुद्धा रांग! पोरगा तिथून पळत सुटला तो थेट आईपाशी. हे असलं मी कधीच करणार नाही, असं त्याने त्या वयात ठरवून टाकलं. पंगतीत आपलं पान कुठे मांडलंय, हे लहान मुलाला किती अचूक कळतं, ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याची आई मोठी खमकी. शाळेतल्या मुलींचे केस वाटी पालथी घालून कापल्यासारखे गोल कापा, असा पाद्रीणबाईंनी फतवा काढला. हिने साफ नकार दिला. आता हा नकार तिला परवडला कसा? तर त्यांचं घर त्यांच्या स्वतःच्या मालकीचं होतं. बाकीचे मजूर मालकाच्या घरात राहायचे, उलट उत्तर दिलं की बिऱ्हाड रस्त्यावर. डब्यावरच्या गुलाबांमागे ही अशी भानगड असायची.

नवव्या वर्षी जोसेफ कामाला लागला. काम कसलं, तर पेरलेल्या रानात कावळे हाकलायचे. बारा तासांचा दिवस, मजुरी चार पेन्स. आपल्याकडे राखणीला बसलेल्या पोराच्या हाती गोफण तरी असते आणि मचाणावर सावली तरी. तिथे थंडी, चिखल, आणि ओरडून ओरडून बसलेला घसा.

1870 साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला, 1880 मध्ये शाळेची सक्ती झाली. पण गावच्या शाळेची सुट्टी कॅलेंडर बघून लागत नसे, पीक बघून लागे. त्या काळच्या मुख्याध्यापकांना रोजची नोंदवही ठेवावी लागायची. अशा वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. बटाटे काढायला मुलं गेली, म्हणून वर्ग रिकामा, अशा नोंदी त्यांत सापडतात.

आता दुसरी साक्ष, आणि इथे मी जरा रमणार आहे. फ्लोरा टॉम्प्सन, जन्म 1876, ऑक्सफर्डशायरमधली जुनिपर हिल नावाची वाडी. तीसेक घरं. मजुराला आठवड्याला दहा शिलिंग. तेवढ्यात घर चालायचं ते दोन गोष्टींच्या जोरावर, सरवा आणि डुक्कर.

सरवा हा शब्द आता शहरात कुणाला कळत नाही. पीक कापून नेल्यावर रानात पडलेली कणसं वेचायची, तो सरवा. इंग्लंडमध्ये हे काम बायका-मुलांचं. पहाटे निघायचं, दिवसभर वाकून एकेक लोंबी उचलायची, मुठीत मावेनाशी झाली की जुडी बांधायची. काही गावांत तर सकाळी चर्चची घंटा झाल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही. जिच्या घरी तान्हं मूल, तिलाही इतरांइतकंच मिळावं, म्हणून. शेतकऱ्याने एक पेंढी रानात उभी ठेवली असेल, तर अजून परवानगी नाही, असं समजायचं. गंमत अशी, की सरवा वेचणं हा गरिबांचा हक्क नाही, असा निकाल लंडनच्या न्यायालयाने 1788 मध्येच दिला होता. सफोकमधल्या टिमवर्थच्या मेरी हॉटन या बाईविरुद्धचा तो खटला. फ्लोरा जन्मली त्याच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, आणि तिच्या लहानपणी वाडीतल्या बायका खुशाल सरवा वेचत होत्या. निकाल कागदावर राहिला, बायका रानात राहिल्या. त्या सरव्याचं पीठ गिरणीतून दळून आलं की घरात मानाने मांडून ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावं म्हणून.

आणि डुक्कर. दर घरामागे एक खुराडं. शाळेतून येताना मुलं त्याच्यासाठी हिरवा पाला तोडून आणायची. पावसाळी संध्याकाळी कुंपणाकडेने बादली घेऊन गोगलगायी वेचायची, डुकराच्या रात्रीच्या जेवणासाठी! रविवारी दुपारी पुरुषमंडळी एकमेकांच्या डुकरांचं परीक्षण करत फिरायची. मारायचं ते चंद्र वाढता असताना, नाहीतर मांस शिजताना आटतं म्हणे. आणि मारायच्या आधीच पुष्कळदा त्याचा अर्धा भाग भुशाच्या उधारीपोटी गिरणीवाल्याकडे किंवा पाववाल्याकडे गहाण पडलेला असायचा.

जाता जाता सांगतो. हा कावळे हाकलणारा जोसेफ पुढे मोठा झाला. 7 फेब्रुवारी 1872 च्या रात्री वेल्सबर्न गावात चेस्टनटच्या झाडाखाली शेतमजूर जमले. कंदील टांगले होते ते घेवड्याच्या वेलांना लावायच्या काठ्यांवर, आणि व्यासपीठ म्हणून जोसेफ उभा राहिला तो डुक्कर कापायच्या घडवंचीवर. त्या सभेतून शेतमजुरांची संघटना उभी राहिली, आणि 1885 मध्ये हा माणूस पार्लमेंटात गेला. त्या रात्री कुलपाचं भोक त्याच्या डोळ्यांपुढे असणारच, असं आपलं मला वाटतं.

तिसरा जॉन क्लेअर. काळाने सगळ्यांत आधीचा, 1793 चा, पण मी मुद्दाम शेवटी ठेवला. नॉर्थहॅम्प्टनशायरमधलं हेल्पस्टन. बाप धान्य झोडपणारा मजूर. पोरगा नाजूक, म्हणून बापाने त्याच्यापुरतं झोडपायचं हलकं अवजार करून दिलं होतं. पुढे हा कवी झाला.

लहानपणी त्याला वाटायचं, आभाळ जिथे टेकतं तिथे जग संपतं, आणि दिवसभर चाललं की तिथे पोचता येईल. काठावर उभं राहून खाली वाकलं की मोठ्या खड्ड्यात डोकावल्यासारखी जगाची गुपितं दिसतील. एके सकाळी निघाला. पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांचं माळरान तुडवत पार पलीकडे गेला. इतका लांब, की रानफुलंही त्याला ओळखेनात, आणि सूर्य भलत्याच दिशेला दिसायला लागला. काठ काही आला नाही. संध्याकाळी परतला तर स्वतःच्या गावची रानं त्याला परकी वाटली. घरी आईबाप हवालदिल, निम्मं गाव शोधाला निघालेलं.

1809 मध्ये हेल्पस्टनच्या जमिनी वाटून कुंपणं घालायचा कायदा झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरान गेलं. ज्या वाटांनी तो पोरगा हिंडला होता, तिथे आता पाट्या लागल्या. 1832 मध्ये तो शेजारच्या नॉर्थबरोला राहायला गेला. अंतर किती? तीन मैल. तेवढ्यानेही तो मुळापासून उखडला. इथे उन्हाळासुद्धा परक्यासारखा येतो, असं त्याने लिहिलं.

पुढे डोकं फिरलं. एसेक्समधल्या वेड्यांच्या आश्रमातून 1841 च्या जुलैमध्ये तो निघाला आणि चार दिवसांत ऐंशीएक मैल चालला. खिशात पैसा नाही. रस्त्याकडेचं गवत खाल्लं, ते पावासारखं लागलं म्हणतो. रात्री झोपताना डोकं उत्तरेकडे करायचा, म्हणजे सकाळी उठल्यावर गावाची दिशा चुकायला नको. त्याला भेटायचं होतं मेरीला, लहानपणच्या मैत्रिणीला, आणि ती तर तीन वर्षांपूर्वीच वारली होती. घर जवळ आलं तेव्हा समोरून एक गाडी आली. तीतून एका बाईने उडी मारली आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. ही दारू प्यालेली असावी नाहीतर वेडी, असं वाटून तो गाडीत बसेना. मग कुणीतरी सांगितलं, अरे, ही तुझी बायको. तेव्हा तो चढला.