माळ्यावरच्या स्की

मंडळी, फेब्रुवारीत गुलमर्गला निघालेल्या आपल्या मालवणच्या मुलांनी विचारलं, “काका, स्कीची, म्हणजे बर्फावरून घसरायला पायाला लावतात त्या लांब पट्ट्यांची, एकच जोडी घ्यायची तर कुठली?” तेच सांगायला उभा आहे. पण आधी माझ्या माळ्यावर चला.

पहिली जोडी मार्चमध्ये घरी आणली, प्लॅस्टिकात घट्ट गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. आपल्या पावसात कडीकोयंड्यापासून विळीपर्यंत काय गंजत नाही! गणपतीत मखर काढायला माळ्यावर चढलो तेव्हा सहज स्की उघडून पाहिल्या. तळाच्या दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी असते, ती टोकापासून शेपटीपर्यंत नारिंगी झालेली. अंगठा फिरवला तर गेरू लागल्यासारखा रंगला. प्लॅस्टिकनं ओल आत कोंडून ठेवली होती. कडक बर्फात पकड घेते ती हीच धार; ती गेली तर उतारावर वळायचं कशाच्या जोरावर? पडवीत बसून बारीक पॉलिश पेपरनं दोन दिवस घासत होतो. आत आई नारळ खवत होती. तिथूनच म्हणाली, “कोयत्याक लावतस तसा तेल ह्येका लाव.” तिचं तत्त्व अगदी बरोबर होतं. फक्त तेल तळात मुरू नये म्हणून आपण स्कीचं मेण वापरायचं. पुसून कोरड्या करा, तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर द्या, तो हंगाम येईपर्यंत खरवडू नका आणि प्लॅस्टिक नको. हे दर पावसाळ्यात करायचं असतं, म्हणूनच मी म्हणतो, जोडी एकच ठेवा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा भराभर सांगतो.

पायाखालची रुंदी ८४ ते ९० मिलिमीटर. माझी ती जोडी १०६ची होती. काश्मीरचा बर्फ मऊ, म्हणून दुकानदारानं गळ्यात मारली. रुंद स्की मऊ हिमावर होडीसारखी तरंगते हे खरं, पण सकाळच्या कडक, दाबलेल्या उतारावर या कडेवरून त्या कडेवर यायला वेळ लावते आणि गुडघे धरतात. तुमचा बराचसा दिवस गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्याखाली जाणार, वरच्या अफरवत डोंगरावरच्या न दाबलेल्या हिमात नाही.

उभी धरली की टोक हनुवटी आणि कपाळाच्या मध्ये यावं. वळणाची त्रिज्या, म्हणजे कडेवर झुकवली की स्की आपणहून घेते त्या वळणाची, साधारण १४ ते १७ मीटर. टोक किंचित उचललेलं, पायाखाली हलकी कमान. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, स्वतः पिळू नका. वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून ते जाणकारानंच बसवायचं.

आणि पैसे कमी असतील तर स्की भाड्यानं घ्या, स्कीचे बूट आधी विकत घ्या. आतलं अस्तर काढा, पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दोन बोटं जागा उरली की माप बरोबर. पायात मोजा एकच, पातळ.

टेबलावर मेणाच्या वड्या ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी आधीच स्की आहेत, त्यांनी जाताना एकेक घेऊन जा.