फुगणारी जमीन आणि बांधावरची भिंत

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय: ज्वालामुखीभोवती जमीन कशी हलते आणि तिचं गणित. तिकडे येतोच. पण धुळ्यात येऊन डाइकविषयी, म्हणजे जमिनीच्या भेगेत शिलारस शिरून गोठलेल्या दगडी भिंतींविषयी, बोललो नाही, तर मला चैन पडायची नाही.

साक्रीकडे जाताना शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडी भिंती तुम्ही पाहिल्यात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून जास्त नोंदल्यात. साक्री, धुळे, पारोळा अशी जाणारी एक तर ७० किलोमीटरहून लांब. माझ्या आजोबांच्या बांधाला अशीच एक होती. जवळून पाहिलं, की दगडाचे खांब आडवे, सरपण रचावं तसे. कारण भेगेत शिरलेला शिलारस दोन्ही बाजूंच्या गार खडकाकडून आत निवत गेला, आणि हे खांब गार होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात पडतात. त्या खांबांवर बसून मी बोरं खाल्लीयत.

चार वर्षांपूर्वी गेलो, तर निम्मी भिंत नाही. खडी झाली. मुकादमाला म्हटलं, "अरे, हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं आहे." तो म्हणाला, "भाऊ, हाऊ दगडच शे ना?" त्याचा मला राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कागदावर सही करणाऱ्याचा मात्र अजून येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर गणित.

जपानच्या साकुराजिमाचा १९१४ साली उद्रेक झाला, तेव्हा आजूबाजूची जमीन खचली. त्या मोजमापांवरून भूकंपशास्त्रज्ञ कियू मोगी यांनी १९५८ मध्ये सोपं प्रतिमान मांडलं: पृथ्वीचं कवच लवचीक माना, शिलारसाचा साठा एक बिंदू माना. जमीन फुगली, तर फुगवटा मध्यापासून किती अंतरावर निम्मा होतो ते बघा. ते अंतर साठ्याच्या खोलीच्या सुमारे पाऊणपट असतं. तीन किलोमीटरवर निम्मा झाला, तर साठा चार किलोमीटर खाली. मेख अशी, की लहान साठा न्‌ जास्त दाब, किंवा मोठा साठा न्‌ कमी दाब, दोन्हींचा फुगवटा सारखाच. नुसता वरून बघून भेद कळत नाही.

शिलारस शिरलेल्या भेगेचं चित्र वेगळं. ती पृष्ठभागाखालीच थांबली, तर दोन्ही कडा उचलल्या जातात आणि मधे पन्हळ पडते. २०१४ मध्ये आइसलंडमध्ये बार्दारबुंगा ज्वालामुखीपासून दोनेक आठवड्यांत ४५ किलोमीटरच्या आसपास भेग सरकली. जीपीएस आणि उपग्रहाच्या रडारने ती टिपली. ती किती उघडली, हे तिथल्या शास्त्रज्ञांना आकडेमोडीतून काढावं लागलं. आपल्याकडे वरची जमीन झिजून गेली आणि तीच भेग, भरलेली, उन्हात उभी आहे. रुंदी टेपने मोजता येते.

रविवारी सकाळी साडेसहाला मी उरलेली निम्मी भिंत मोजायला जातोय. यायचं असेल त्यांनी टोपी आणि पाणी आणा. टेप माझ्याकडे आहे.