सांताच्या बाजूचे साक्षीदार

[दृश्य: चर्चसमोरचं पटांगण, जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

२३ डिसेंबर १९५१. फ्रान्समधलं दिजाँ शहर. कॅथेड्रलसमोर शेकडो मुलं जमली आहेत आणि त्यांच्या देखत सांताक्लॉजचा पुतळा जाळला जातोय. आरोप असा, की हा पाखंडी आहे, ख्रिस्तजन्माचा सण यानं बळकावलाय. शिक्षेला स्थानिक धर्मगुरूंची संमती होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांता नगरपालिकेच्या छपरावर हजर!

जो नाहीच, त्याला जाळायचं तरी कशाला? आणि जाळला, तर चोवीस तासांत परत आणायची एवढी घाई कुणाला?

[दृश्य: नकाशा, तुर्कस्तानचा दक्षिण किनारा]

सांता खरा आहे का, याचं एक उत्तर नकाशावर सापडतं. आजच्या तुर्कस्तानातलं देम्रे म्हणजे पूर्वीचं मायरा. चौथ्या शतकात तिथे निकोलस नावाचा बिशप होता, सांताचं मूळ तोच. आख्यायिका सांगते, की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी अडली होती. निकोलसनं रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या आणि नाव न सांगता निघून गेला. १०८७ मध्ये इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी त्याच्या अस्थी उचलून आपल्या गावी नेल्या. त्या आजही तिथल्या चर्चमध्ये जपल्या आहेत.

बाकी संसार नंतर जमला. आठ रेनडिअरची गाडी १८२३ मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका निनावी कवितेतून आली, उत्तर ध्रुवाचा पत्ता थॉमस नास्ट या चित्रकारानं रुजवला. लाल कोट कोका-कोलानं चढवला, असं अनेक जाणती माणसं छातीठोकपणे सांगतात. त्या प्रसिद्ध जाहिराती १९३१ पासूनच्या. लाल कोटातली चित्रं त्याआधीचीच आहेत. म्हणजे ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला वयाची अट नाही.

आणि हो, रेनडिअरचे नर साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला शिंगं गाळतात, माद्यांची मात्र टिकतात. तेव्हा नाताळात शिंगं मिरवत गाडी ओढणाऱ्या बहुधा माद्याच.

पण लहान मुलाला हा इतिहास ठाऊक नसतो. त्याच्यासमोर असतात साक्षीदार. आणि ते साधेसुधे नाहीत.

[दृश्य: वर्तमानपत्राचं जुनं पान]

१८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आठ वर्षांच्या व्हर्जिनिया ओ'हॅन्लननं ‘द सन’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. वडील म्हणाले होते, ‘सन’मध्ये छापून आलं तर ते खरंच. (बापानं जबाबदारी किती अलगद झटकली बघा.) २१ सप्टेंबरला अग्रलेखातून उत्तर आलं: सांता आहे. लिहिणारे फ्रान्सिस चर्च यांचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा होता. सांता कुणाला दिसत नाही, पण म्हणून तो नाही असं सिद्ध होत नाही!

कॅनडाच्या टपाल खात्यानं तर सांताला स्वतःचा पिनकोड दिलाय आणि मुलांच्या पत्रांना उत्तरं जातात. नेदरलँड्समध्ये सिंटरक्लास, म्हणजे तिकडचा सांता, नोव्हेंबरात आगबोटीनं येतो. त्याचं आगमन १९५२ पासून टीव्हीवर थेट दाखवतात आणि २००१ पासून त्याच्या हालचालींचं खास बातमीपत्रही असतं. अमेरिकेत १९५५ च्या डिसेंबरात एका मुलाचा फोन हवाई संरक्षण केंद्रात लागला. तो कसा लागला याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. पण कर्नल हॅरी शूप यांनी खेळ निभावून नेला. आज अमेरिका आणि कॅनडाचं संयुक्त हवाई संरक्षण दल, ‘नोराड’, दर २४ डिसेंबरला सांताची गाडी कुठवर आली ते जाहीर करतं.

वर्तमानपत्र, टपाल, टीव्ही, लष्कर. इतके साक्षीदार एका सुरात बोलले तर कुठलं कोर्ट शंका घेईल? मुलांना आपण भोळी म्हणतो, ते काही बरोबर नाही. त्यांच्यासमोर ठेवलेला पुरावाच भक्कम असतो.

आइसलंडमध्ये नाताळाआधी लोककथेतले तेरा भाऊ एकेका रात्री येतात आणि द्वाड मुलाच्या बुटात बटाटा ठेवून जातात. मला हा बटाटा खेळण्यापेक्षा जास्त पटणारा वाटतो. आईबाप बटाटा कशाला देतील?

हाती पुरावा दिला की मुलं विश्वास ठेवतात का, हेच अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली आणि सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांनी ‘कँडी विच’ नावाची एक नवीकोरी चेटकीण रचली: हॅलोविनच्या रात्री येते, गोळ्या-चॉकलेटं नेते, बदल्यात खेळणं ठेवते. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. जिच्याबद्दल आधी कुणी काही ऐकलंच नव्हतं, तिच्यावर मुलांनी विश्वास ठेवला. ज्यांच्या घरी ती खरोखर ‘येऊन गेली’, त्यांच्यात थोड्या मोठ्या मुलांचा विश्वास धाकट्यांपेक्षा पक्का निघाला. उघड आहे: खेळणं हातात आहे म्हटल्यावर निष्कर्ष काढता यायला थोडी अक्कल लागते.

[दृश्य: भेटवस्तूवरची चिठ्ठी, जवळून]

तीच अक्कल पुढे उलटते. चिठ्ठीतलं अक्षर आईच्या सामानाच्या यादीसारखं दिसतं. भेटीचा चकचकीत कागद कपाटाच्या वरच्या खणात उरलेला असतो. मग पोरगं आईला एकदा आणि बाबांना वेगळं गाठून तोच प्रश्न विचारतं आणि उत्तरं जुळवून बघतं. १९९४ मध्ये अँडरसन आणि प्रेंटिस या संशोधकांनी अशा ५२ मुलांशी बोलून पाहिलं. बहुतेकांनी सातव्या वर्षाच्या आसपास आपणहून छडा लावला होता आणि एकंदरीत ती खूश होती. हिरमुसले होते ते आईबाप.

दिजाँच्या त्या जाळपोळीवर मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९५२ मध्ये निबंध लिहिला. त्यांच्या मते सांता ही एक सीमारेषा आहे. अलीकडे ज्यांना गुपित ठाऊक नाही ते, पलीकडे ज्यांना ठाऊक आहे ते.

ही रेषा ओलांडलेलं मूल सहसा बोंबाबोंब करत नाही. पलीकडच्या टोळीत सामील होतं. धाकट्यानं शंका काढलीच, तर आईबापांच्या आधी तेच पुढे सरसावतं आणि बेधडक ठोकून देतं, “मी स्वतः पाहिलाय त्याला. बूट काळे होते.”