तोंड आलंय, पण जात नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात तोंड आलं की उपाय ठरलेले असतात. जाईचा पाला चघळायचा, तिखट बंद करायचं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घ्यायच्या. आठ-दहा दिवसांत माणूस पुन्हा तांबड्या रश्श्याला बसतो. आज बोलायचंय ते अशानं ज्यांचं तोंड बरंच होत नाही, त्यांच्याविषयी.

महिना जातो, दोन जातात, दूधभातसुद्धा झोंबतो. वजन उतरतं. मग कधीतरी छाती-पाठीवर, डोक्यात पाण्याचे ढिले फोड उठतात. कपडा घासला तरी फुटतात आणि ओली जखम उघडी पडते. या दुर्मीळ आजाराचं नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. तोंडातल्या अस्तराच्या आणि कातडीच्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात. इथं शरीराची प्रतिकारशक्तीच त्या प्रथिनांवर उलटते, आणि पेशी सुट्या होतात.

ही नागीण नव्हे, देवीचा कोप तर नव्हेच. हा आजार कुणाकडून कुणाला लागत नाही. तरी घरोघरी अशा बाईचं ताट-तांब्या वेगळा काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्या शेजारी बसा, तिला जवळ घ्या. मोठ्या जखमा असतील तर अंथरुणाला चिकटू नयेत म्हणून स्वच्छ, निर्जंतुक केलेलं केळीचं पान अंगाखाली घालतात. आपल्याकडच्या दवाखान्यांतही ही रीत आहे.

प्रतिकारशक्तीला आवर घालणारी स्टेरॉइड औषधं यायच्या आधी, म्हणजे 1950 पूर्वी, यातले बहुतेक रुग्ण दगावत. पुढे 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी पल्स उपचार रूढ केला: दर 28 दिवसांनी सलग तीन दिवस सलाईनमधून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. आता रिटुक्सिमॅब हे नवं औषधही आहे. तरीही आजार चिवट. वर्षभर शांत राहून पुन्हा डोकं वर काढतो.

तेव्हा दोन-तीन आठवड्यांत तोंड बरं झालं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आपल्या सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. फोडाच्या कडेचा छोटा तुकडा तपासला की निदान होतं. आणि स्टेरॉइड सुरू असतील, तर बरं वाटतंय म्हणून किंवा चेहरा सुजलाय म्हणून त्या मनानं बंद करू नका. अचानक थांबवल्या तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील.